श्वासांची हजेरी

“काका, पुन्हा एकदा श्वास सोडा बरं. सावकाश. अजिबात घाई नको.”

मी पुन्हा सोडला. गरम चहावर फुंकर घालावी तसा, ओठांचा चंबू करून, लांबलचक. मोबाईलच्या काचेत केतकी मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“येतोय,” त्या म्हणाल्या. “बारीक शिट्टी वाजल्यासारखा. तुम्हाला स्वतःला ऐकू येतो का हो काका?”

“न्हाई वो मॅडम. मला काय बी ऐकू येत न्हाई.”

“छातीत जड वाटतंय? आडवं झाल्यावर दम लागतो? पायांवर सूज?”

“कायच न्हाई.”

“बरं. आज तुम्ही नुसते बसून राहा, हात वर करू नका. आणि डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. घाबरायचं काही कारण नाही.”

‘घाबरायचं काही कारण नाही’ हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते कानावर पडलं की हमखास घाबरायला व्हायचं. मी मोबाईलच्या वरून हौसाकडं बघितलं. मोबाईल तिच्याच हातात होता. तिनं नजर खाली वळवली आणि अंगठ्यानं माईक बंद केला.

कोरोना नुकताच ओसरला होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या हृदयानं मला दगा दिला. कऱ्हाडच्या डॉक्टर शिंगट्यांनी मला खाटेवरून उठवून बसवलं आणि सरळ सांगितलं, “रंगराव, पंप निम्म्यावर आलाय. आता आहे तो जपून वापरायचा. जड उचलायचं नाही, चढण पळत चढायची नाही, ओरडायचं तर अजिबात नाही.” मग हौसाकडं वळून म्हणाले, “आणि वहिनी, यांच्या जिवाला घोर लागेल असं काही यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. काळजी तुमच्यापाशी ठेवायची.” हौसानं पदर सारखा केला आणि मान डोलावली. माझ्या बायकोची ही एक खोड आहे, मोठ्या माणसानं सांगितलेलं ती शब्दशः पाळते. मी सांगितलेलं मात्र तिनं कधी पाळल्याचं मला आठवत नाही.

त्याआधी पाटणच्या पेठेत आमचं फुटाण्यांचं दुकान होतं. पुढं तराजू घेऊन मी बसायचो आणि मागच्या अंगाला भट्टीवर हौसा. कढईतल्या तापलेल्या वाळूत हरभरे टाकायचे, ते उडायला लागले की भराभरा हलवायचे, मग चाळणीनं वाळू गाळायची. भट्टीत लाकडाचा भुसा, उसाचं पाचट, हाताला लागेल ते जायचं. गिऱ्हाइकाला मी दिसायचो, मागं धुरात कोण आहे ते कुणी विचारत नसे. “रंगरावाचे फुटाणे” असं लोक म्हणायचे आणि मी ते खुशाल ऐकून घ्यायचो. माझ्या दुखण्यानंतर आम्ही दुकान बंद केलं आणि डोंगरातल्या वाडीतल्या घरी राहायला आलो. हवा चांगली म्हणून.

हवा खरंच चांगली होती, पण मोबाईलला रेंज नव्हती. आणि मला तर रोज सकाळी मोबाईलवरून योग करायचा होता. दवाखान्यानंच तो वर्ग जोडून दिला होता. हृदयाचे आणि फुप्फुसांचे जुने दुखणेकरी, सगळे आपापल्या घरी खुर्चीवर बसलेले आणि केतकी मॅडम पुण्याहून शिकवायच्या. चौकोनाचौकोनातून आम्ही एकमेकांना दिसायचो. इस्लामपूरचे मुल्लासर होते, निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या नाकात कायम ऑक्सिजनची नळी. विट्याच्या इंदूआक्का होत्या, त्या हात वर करतानासुद्धा घरातल्या सुनेला हुकूम सोडायच्या. मॅडम वयानं आमच्या लेकीएवढ्या, सुवर्णाएवढ्या, पण शिस्तीला कडक. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र हवं, घरातलं एक माणूस जवळ हवं. आणि सगळ्यात मोठा नियम, श्वास कोंडायचा नाही. “हृदयाच्या माणसानं तर चुकूनसुद्धा नाही,” असं त्या रोज बजावायच्या.

वर्ग चालू असताना सगळ्यांचे माईक बंद असायचे, नाहीतर कुणाचा कुकर, कुणाची शेळी, कुणाची टीव्हीवरची मालिका. शेवटी मात्र हजेरी व्हायची. मॅडम एकेकाचं नाव घ्यायच्या. ज्याचं नाव येईल त्यानं माईक उघडायचा आणि काही न बोलता श्वास घेऊन सोडून दाखवायचा. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. “मोबाईलवर चेहरे सगळ्यांचेच छान दिसतात हो. मला श्वास ऐकू द्या,” असं त्या म्हणायच्या. त्या हजेरीतच माझ्या श्वासात त्यांना ती शिट्टी ऐकू आली.

आता रेंजचं सांगतो. आमच्या घरात ती फक्त मागच्या ओट्यावर यायची, तीही समोरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडं पाठ करून कुणी मोबाईल छातीच्या वर उचलून धरला तरच. सुवर्णानं पिंपरीहून एक स्टँड पाठवला होता, पण तो स्टुलावर ठेवला की मॅडमचं तोंड अर्ध्यावर उघडं राहून थांबायचं. त्यामुळं मी खुर्चीत बसायचो आणि हौसा माझ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी, हनुवटीखाली, मोबाईल धरायची. वर्ग संपेस्तोवर हलायची नाही.

मॅडमनी सांगितल्यावर आम्ही कऱ्हाड गाठलं. शिंगट्यांनी छातीचा फोटो काढला, मशीनवर हृदय बघितलं, पाठीला नळी लावून सगळीकडं ऐकलं.

“पाणी नाही, काही नाही,” ते म्हणाले. “हृदय होतं तसंच आहे. फुप्फुसं तर तरण्या पोराची आहेत तुमची.”

“मग ती शिट्टी?”

“मोबाईलची खरखर असेल.”

मी तिथूनच मॅडमना फोन लावून दिला. डॉक्टरांचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “सर, मोबाईलची खरखर श्वासाबरोबर लांबत नाही. काका श्वास सोडायला लागले की आवाज सुरू होतो आणि त्यांचं सोडणं संपलं की थांबतो. मी रोज ऐकतेय.”  शिंगट्यांनी गोळी अर्धी वाढवून दिली. डॉक्टरला कळेनासं झालं की तो गोळी अर्धी वाढवतो, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुखणं कळलं तर माणूस त्याच्याशी भांडतो तरी, पण हे तर दुसऱ्याला ऐकू येणारं आणि मला न येणारं दुखणं. मी दुपारी खाटेवर पडून दोन्ही कान तळहातांनी दाबायचो आणि आतलं ऐकायचा प्रयत्न करायचो. पितळेचा पेला छातीला लावून बघितला. एकदा हौसाला म्हणालो, “जरा कान लावून बघ बरं.”

तिनं माझ्या छातीवर डोकं टेकवलं. बराच वेळ ठेवलं. तिचे खांदे वर-खाली होत होते. मला वाटलं, रडतीय.

“घड्याळागत चाललंय,” ती उठत म्हणाली. “उगा मनात आणू नगा काय.”

“आन् शिट्टी?”

“न्हाई शिट्टीबिट्टी.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराच्या चौकटीला धरून थोडी थांबली. गुडघे धरलेत, असं ती बरेच दिवस सांगत होती. पाण्याची कळशी घेऊन चढण चढतानाही ती मध्ये थांबायची, आणि मी विचारलं की म्हणायची, गुडघे. माझं सगळं लक्ष माझ्या छातीत, त्यामुळं गुडघे म्हणजे गुडघे.

मग सुवर्णा आली. दोन दिवसांसाठीच आली, पण घर भरल्यासारखं झालं. सकाळी तिनं आईच्या हातातून मोबाईल काढून घेतला, “आई, आज मी धरते, तू चूल बघ.” हजेरीला माझं नाव आलं. मी जीव मुठीत धरून श्वास सोडला.

मॅडमनी डोळे उघडले. “काका! परत सोडा.”

मी परत सोडला.

“अहो काका, एकदम स्वच्छ! काही म्हणजे काही नाही!”

बाकीच्या चौकोनांतून मुल्लासरांनी आणि इंदूआक्कांनी हात हलवले. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धी गोळी लागू पडली म्हणून मी मनातल्या मनात शिंगट्यांची माफी मागितली. हौसानं त्या दिवशी गव्हाची खीर केली, मी दोन वाट्या ओरपली आणि वाडीच्या देवळापर्यंत फिरून आलो. दुसऱ्या दिवशीही श्वास स्वच्छ निघाला. मला वाटलं, सुटलो.

सुवर्णा गेली आणि शिट्टी पुन्हा आली.

तेव्हा मात्र मी हाय खाल्ली. माझी समजूत अशी झाली की लेकीच्या आधारानं हृदय दोन दिवस उभं राहिलं, आता त्याचं काही खरं नाही. जेवण जाईना. हौसाला म्हणालो, “माझं काय झालं तर हितं एकली राहू नगस. सुवर्णाकडं जा.”

“गप बसा. तुमच्या आधी मीच जाईन,” ती म्हणाली. सगळ्याच बायका असं म्हणतात, म्हणून मीही ते सोडून दिलं.

मॅडमचा आवाजही आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. एका सकाळी हजेरी संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. “काका, आवाज वाढलाय. उद्या मी शेवटचं ऐकते. उद्याही तसाच असला तर वर्ग बंद आणि तुम्ही सरळ कऱ्हाडला भरती व्हायचं. फोटोत काय दिसतं ते मला नका सांगू. चालेल ना काकू?”

“चालंल,” हौसा मोबाईलच्या मागून म्हणाली. आवाज इतका बारीक, की मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. तिला माझी किती काळजी, या विचारानं मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सर्जेरावानं ऊस गेलेल्या रानात पाचट पेटवलं. थंडीचे दिवस. धूर वर चढायलाच तयार नव्हता. आमच्या मागच्या ओट्यावर तो नुसता दाटून बसला. माझे डोळे चुरचुरायला लागले. हौसाला ठसका लागला, तो थांबेचना.

“आज ऱ्हाऊ दे वर्ग,” मी म्हणालो. खरं तर मला निमित्तच हवं होतं. 

“न्हाई,” ती म्हणाली. एका शब्दाला एक श्वास, असं बोलत होती. “आज… मॅडम… ऐकणार हायती.”

तिनं मोबाईल उचलला आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. वर्गात मॅडमनी काय काय करवून घेतलं ते मला आठवत नाही. मी फक्त हजेरीची वाट बघत होतो. आधी इंदूआक्का झाल्या. मग मुल्लासर, त्यांच्या ऑक्सिजनच्या सुस्काऱ्यासकट.

“रंगरावकाका, माईक उघडा.”

हौसाचा अंगठा हलला. मी श्वास घेतला आणि सोडायला लागलो. मॅडमनी मला तो संपवूसुद्धा दिला नाही.

“थांबा! काका, थांबा. मागं टेका. बोटातल्या यंत्रावर आकडा काय आहे?”

“सत्त्याण्णव.”

“किती?”

“सत्त्याण्णव, मॅडम.”

“कसं शक्य आहे? काका, केवढा आवाज येतोय! नीट ऐका, मी सुवर्णाताईंना फोन लावतेय. तुम्ही हलू नका.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी खुर्चीचे हात घट्ट पकडले, डोळे गच्च मिटले आणि भीतीच्या भरात जे कधीच करायचं नव्हतं नेमकं तेच केलं. तोंड मिटलं, छाती आवळली आणि श्वास कोंडला.

“काका, असे भराभर श्वास घेऊ नका,” मॅडम ओरडत होत्या. “हळू. ऐकताय ना? भराभर घेऊ नका!”

मी घेतच नव्हतो.

हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. माझी छाती दगडासारखी गप्प होती. आतबाहेर काही हलत नव्हतं. आणि तरी मॅडमना श्वास ऐकू येत होता. आता तो मलाही ऐकू आला, पहिल्यांदाच. बारीक, चिरत जाणारी शिट्टी, आणि ती माझ्या आतून येत नव्हती. समोरून येत होती.

मी डोळे उघडून मोबाईलच्या वर बघितलं.

हौसाचे ओठ जांभळट झाले होते. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, नाकपुड्या फेंदारल्या होत्या, मानेच्या शिरा ताठ. आणि एवढ्या सगळ्यात ती माझ्याकडं टक लावून बघत होती, मला काही होतंय का ते.

“मॅडम,” मी म्हणालो, “ह्यो माझा न्हाई.”

“काय?”

“ह्यो श्वास माझा न्हाई वो. हौसाचा हाय!”

तोवर तिची पाठ ओट्याच्या खांबाला लागली होती. ती खांबाच्या आधारानं खाली घसरली, पण मोबाईल सोडला नाही. खाली बसतानासुद्धा तिनं तो दोन्ही हातांनी वर धरला होता, रेंज जाईल म्हणून. मी खुर्चीतून उठलो. सावकाश उठायचं, आधी पाय हलवायचे, हे सगळं शिकवलेलं कुठल्या कुठं गेलं. तिच्या बोटांतून मोबाईल काढून घेताना मला ओढावा लागला.

“काका, मोबाईल काकूंकडं वळवा! मला काकू दाखवा!”

मी वळवला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याकडं वळला.

“झोपवू नका त्यांना. खुर्चीत बसवा, तुमच्या खुर्चीत. पुढं वाकवा, कोपर मांडीवर टेकवा. यंत्र त्यांच्या बोटाला लावा. आणि कुणाला तरी बोलवा, गाडी हवी!”

मी तिला काखेत हात घालून खुर्चीत चढवलं. जड उचलायचं नाही, हे तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या बोटातलं यंत्र काढून तिच्या बोटाला लावलं. आकडा वर-खाली होऊन ऐंशीच्या आत येऊन थांबला. मी तो मॅडमना सांगितला. मग मी सर्जेरावाच्या रानाकडं तोंड करून, बाजारच्या दिवशी पेठेत घालायचो तशी आरोळी ठोकली. वर्षभरात मी आवाज चढवून बोललो नव्हतो.

“सर्जेरावऽऽ! जीप काढ! हौसाला घेऊन जायचंय! जीप काढऽऽ!”

धुरापलीकडून ओ आली. पळणारी पावलं ऐकू आली. जीप वरच्या बांधाला होती, ती खाली येईस्तोवर थांबायचं होतं. तेवढं थांबणं मी जन्मात विसरणार नाही. हौसाला श्वास आत ओढता येत होता, पण बाहेर सोडता येत नव्हता. तिचे डोळे मोठे होत चालले होते. मॅडम सांगत होत्या, ओठांचा चंबू करा काकू, हळू सोडा, पण त्यांचाही आवाज कापत होता. आणि मध्येच एका चौकोनातला माईक उघडला. नियम मोडून.

“ताई,” मुल्लासर म्हणाले. त्यांच्या नळीचा सुस्कारा शब्दांआधी ऐकू येत होता. “माझ्याकडं बघा. मला हे रोज होतं. मरत नाही माणूस लगेच. घ्यायचं नंतर बघू, आधी सोडायचं. माझ्याबरोबर. फूऽऽ.”

हौसानं त्यांच्याकडं बघितलं. ओठ गोल केले.

“फूऽऽ. शाबास. आता आपोआप आत येईल. परत. फूऽऽ.”

ते सोडत होते, ती सोडत होती, आणि मी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून उभा होतो.  हे धरणं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.

जीपचा आवाज आला तसा तिनं माझा सदरा ओढला. काहीतरी सांगायचं होतं तिला.

“बोलू नगस,” मी म्हणालो.

“गोळी…”

“कसली गोळी? तुझी?”

“तुमची… सकाळची… घेतली न्हाई.”

मी सर्जेरावासमोर, मॅडमसमोर, सगळ्या चौकोनांसमोर ढसाढसा रडलो.

पाटणच्या सरकारी दवाखान्यात तिला तोंडाला मुखवटा लावून औषधाची वाफ दिली, तिथून रुग्णवाहिकेनं कऱ्हाडला नेलं. संध्याकाळपर्यंत तिचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगावर आले. शिंगट्यांनी तिच्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

“श्वासनळ्या आखडल्यात. आजचं नाही हे, कित्येक वर्षांचं आहे. वहिनी मिश्री लावतात? विडी?”

“न्हाई.”

“मग इतका धूर कुठला?”

“भट्टीचा,” मी म्हणालो. “माझ्या दुकानाच्या मागचा.”

दुसऱ्या दिवशी तिला बोलायची परवानगी मिळाली. सुवर्णा चहा आणायला गेली होती. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो.

“कवापास्नं होतंय?”

“दुकान होतं तवापास्नं.”

“आन् गुडघं?”

“गुडघं बरं हायती.” ती थोडी हसली.

“मग बोलली का न्हाईस कधी?”

“डॉक्टर काय म्हणालं हुतं? घोर लागंल असं काय बी तुमच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई.”

मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, माझा तर सगळ्यात जास्त आला. पण विचारायचं होतं ते वेगळंच होतं. “मोबाईलच्या मागं उभी राहून तू काय करत होतीस?”

ती चोरी पकडल्यासारखी खाली बघायला लागली. “मॅडम तुमास्नी सांगायच्या ना, लांब सोडा, फुंकर घाला. मी बी सोडायची तुमच्याबरोबर. तेवढ्यापुरतं छातीवरचं ओझं उतरल्यावानी वाटायचं. दिवस बरा जायचा.”

“अगं, मग शिट्टी तुझी हाय हे ध्यानात आलं न्हाई तुझ्या?”

“कसं येनार? आवाज मॅडमला गेला म्हंजे तुमचाच असणार की. मोबाईलचं तोंड तुमच्याकडं हुतं. ज्याला बघतोय त्याचंच ऐकत असंल, असं वाटलं मला.” तिनं चादरीची कड सारखी केली. “मॅडम म्हनायच्या शिट्टी वाढली. तुमची म्हणून मी देवीला नवस बोलले हुते वो. तुमच्या छातीवर कान ठेवला तर आत कायच न्हाई, मग तर जास्तच भ्या वाटलं.”

त्या क्षणी मला कळलं की इतके दिवस आम्ही दोघंही एकाच श्वासाला घाबरत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की तो माझा आहे. मी तिचा हात धरला. वाळूच्या चटक्यांचे जुने डाग त्याच्यावर होते, ते मी कधी नीट बघितले नव्हते.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मुल्लासर गेले. त्यांचा चौकोन गेला, तरी हजेरीला त्यांचं नाव यायच्या जागी मॅडम अजूनही किंचित थांबतात. इंदूआक्का आहेत, त्यांच्या सुनेनं आता उलट हुकूम सोडायला सुरुवात केली आहे. सर्जेराव पाचट जाळत नाही, कुजवतो. वाडीत टॉवर आला, घरभर रेंज मिळते आणि सुवर्णाचा तो स्टँड कपाटात आहे.

तरीही मोबाईल मीच धरतो. माझी हजेरी आधी होते, ती मी खुर्चीवर बसून देतो. मग उठून जागा बदलतो. हौसा खुर्चीत बसते, पाठ भिंतीला टेकवते, पदर सारखा करते आणि मी समोर उभा राहून दोन्ही हातांनी मोबाईल हनुवटीखाली धरतो.

“हौसाकाकू, माईक उघडा,” मॅडम म्हणतात.

मी अंगठ्यानं बटण दाबतो. ती ओठांचा चंबू करते आणि सोडायला लागते. शिट्टी आहे अजून. कधी अगदी बारीक असते, थंडीत जाड होते. मॅडम डोळे मिटून ऐकतात. त्यांना तिचा श्वास नीट ऐकू यावा, त्यात माझा मिसळू नये, म्हणून तेवढा वेळ मी तोंड मिटून, छाती आवळून उभा राहतो. हृदयाच्या माणसानं हे करायचं नसतं, मला ठाऊक आहे. मॅडमना मी सांगितलेलं नाही. हौसाचं सोडणं संपतं, मॅडम “छान” म्हणतात, मी माईक बंद करतो, आणि मग माझा सोडतो.